वाळवंटातल्या कासवाला हवा ओलावा

कासव पाळणे हे प्राणी पाळण्याच्या छंदांपैकी सर्वांत कमी कष्टाचे काम होय, असा समज आपल्याकडे आणि परदेशांतही रूढ आहे. कुत्र्याप्रमाणे त्याला फिरावयास न्यावे लागत नाही, मांजराप्रमाणे ते दुधाच्या पातेल्यात तोंड घालीत नाही, आणि पोपटाप्रमाणे भल्या पहाटे शेजाऱ्यांची झोपमोड करीत नाही. चार पाने टाकावीत आणि आपल्या कामाला लागावे! या समजुतीची किंमत मात्र त्या मुक्या जीवाला आयुष्यभर पाठीवर वागवावी लागते. आणि येथे 'पाठीवर' हा शब्द अलंकार म्हणून योजलेला नाही.

ज्या कासवाविषयी येथे मुख्यतः लिहावयाचे आहे, ते आफ्रिकेतील सुल्काटा जातीचे. सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला, सेनेगलपासून इथिओपियापर्यंत, साहेल नावाचा जो रखरखीत पट्टा पसरला आहे, ते त्याचे माहेर. शास्त्रात त्याला हे नाव १७७९ साली मिळाले. सुल्काटा म्हणजे नांगराचे तास पडावेत तसे चर असलेले. आणि त्याच्या पाठीच्या खवल्यांवर तसे चर खरोखरच दिसतात. अंड्यातून बाहेर येते तेव्हा पिल्लू जेमतेम चार-पाच सेंटिमीटर लांब आणि लहानशा लिंबाइतक्या वजनाचे असते. त्याच पिल्लाचा पुढे चाळीस-पन्नास किलोंचा, क्वचित शंभर किलोंचाही, बुरूज होतो, आणि तो पन्नास वर्षे व त्याहूनही अधिक जगू शकतो. अमेरिकेत आणि युरोपात हे कासव घरोघर पाळले जाते. आपल्याकडील मोठ्या शहरांतूनही त्याची पिल्ले विकली जातात.

विकत घेणारा गृहस्थ विचारतो, "हे कोठले?" उत्तर मिळते, "वाळवंटातले." पुढचे सगळे अनर्थ या एका शब्दातून निघतात. वाळवंटातले म्हणून त्याच्यासाठी काचेच्या पेटीत वाळू पसरली जाते, वर शंभर वॅटचा दिवा टांगला जातो, आणि पाणी त्याला सोसणार नाही म्हणून पाण्याची वाटीही काढून घेतली जाते. पिल्लू खाते, वाढते, घरातली मुले कौतुक करतात. वर्ष-दीड वर्षाने मात्र असे ध्यानात येते की, त्याच्या पाठीची ढाल गुळगुळीत घुमटासारखी न राहता तिच्यावरील प्रत्येक खवला स्वतंत्रपणे वर उचलला जात आहे. दोन वर्षांनी पाठीवर लहान लहान पिरॅमिड उभे राहिलेले दिसतात. इंग्रजीत या विकृतीला 'पिरॅमिडिंग' असेच म्हणतात. काही अजाण माणसांना ही नक्षी सुंदरही वाटते. रानात मोकळ्या वाढलेल्या सुल्काटाची पाठ पाहिली असती, तर त्यांना ती वाटली नसती.

या विकृतीचा दोष पुष्कळ वर्षे आहाराच्या माथी मारण्यात येत होता. पिल्लांना प्रथिने अधिक दिली, ती वेगाने वाढली, म्हणून पाठ फुगली, असे पुस्तकांतून लिहिलेले असे. आणि त्यामुळे पोटाला चिमटा घेऊन वाढवलेली पिल्लेही शेवटी खडबडीत पाठीचीच निघत. हा प्रश्न कसोटीला लावण्याचे काम ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथे वीस्नर आणि इबेन या संशोधकांनी केले, आणि २००३ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यांनी सुल्काटाची ५० नवजात पिल्ले घेतली, त्यांचे पाच गट केले आणि पाच महिने ती वाढवली. कोणाला प्रथिने कमी, कोणाला अधिक. आणि कोणाभोवतीची हवा कोरडी, कोणाभोवतीची दमट. कोरड्या बाजूच्या गटांत हवेची आर्द्रता सुमारे २४ ते ५८ टक्के आणि ३१ ते ७५ टक्के या मर्यादांत खालीवर होत होती. दमट गटात ती ४५ ते ९९ टक्के होती. आहारातील प्रथिनांनी पाठीच्या उंचवट्यांत किरकोळच फरक पडला. मोठा फरक पडला तो हवेने. कोरड्या हवेत वाढलेल्यांचे उंचवटे दमट हवेत वाढलेल्यांपेक्षा ठळकपणे उंच होते.

याचा अर्थ आहाराकडे दुर्लक्ष करावे असा कोणी घेऊ नये. गवत आणि रानपाला हेच या कासवाचे खरे अन्न. त्याला चुनखडी पाहिजे, ऊन पाहिजे, आणि ती न मिळाल्यास हाडे मऊ पडण्याचा निराळाच रोग जडतो. पण पाठीवर पिरॅमिड का उठतात, या प्रश्नाचे उत्तर ताटात शोधण्यापेक्षा हवेत शोधणे अधिक योग्य आहे.

कासवाच्या पाठीवर खाली हाडाची ढाल असते आणि तिच्यावर खवल्यांचे पातळ आच्छादन. हे खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे, म्हणजे केराटिनचे, बनलेले असतात. पिल्लू वाढू लागले म्हणजे प्रत्येक खवल्याच्या कडेने नवीन केराटिनची एकेक वळी तयार होते. नखे पाण्यात भिजली की मऊ होतात आणि कोरड्या हिवाळ्यात ठिसूळ होतात, हे कोणत्याही गृहिणीला सांगावयास नको. येथेही तेच घडते. भोवतीची हवा ओलसर असली, तर नवी वळी काही काळ लवचीक राहून बाहेरच्या बाजूला सपाट पसरते. हवा कोरडी असली, तर ती लगेच ताठ होते, वाढीला बाहेर वाट उरत नाही, आणि कड खाली दाबली जाऊन खवल्याचा मध्य उंच राहतो. खालचे कोवळे हाडही त्याच वळणावर जाते. निदान आजवरच्या अनुभवाशी जुळणारे स्पष्टीकरण हे असे आहे.

आता कोणी विचारील की, साहेलच्या वाळवंटी मुलखात हा ओलावा आला कोठून? तो जमिनीखालून आला. सुल्काटा हे बिळात राहणारे कासव आहे. पूर्ण वाढलेला प्राणी अनेक मीटर लांबीचे बीळ खणतो, आणि दिवसाचा कडक ताप, तसेच वर्षातील कोरडे महिने, त्याच्या तळाशी काढतो. वर धूळ उडत असताना दोन-तीन हात खाली माती गार व दमट असते, आणि बंद जागेत प्राण्याच्या श्वासानेही हवा ओलसर होते. पिल्लेही मुळाशी, झुडपांखाली, इतरांच्या बिळांत दडून राहतात; उघड्या उन्हात ती फारशी दिसतच नाहीत. आपण नकाशावर पाहतो तो मुलूख कोरडा. पण कासव ज्या वीतभर जागेत आपले आयुष्य घालवते ती जागा कोरडी नसते.

इंग्लंडातील सेल्बोर्न गावचा धर्मोपदेशक आणि निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट याच्याजवळ टिमथी नावाचे एक भूमध्यसागरी कासव होते. १७८० साली ते त्याच्या आत्याच्या मृत्यूनंतर त्याच्या बागेत आले. पावसाचे चार थेंब पडताच ते आडोसा शोधी, हे त्याने टिपून ठेवले आहे. आणि तेच कासव नोव्हेंबरात आपणहून ओल्या मातीत स्वतःला पुरून घेऊन सारा हिवाळा काढी, हेही टिपले आहे. (टिमथी ही मादी होती, हे तिच्या मरणानंतर समजले. तिची ढाल लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे.) ओले नको तेव्हा कोरड्यात जावे, कोरडे नको तेव्हा ओल्यात जावे, एवढी मोकळीक त्या कासवाला होती. पेटीतल्या पिल्लाची नेमकी हीच मोकळीक आपण काढून घेतलेली असते. तेव्हा पेटीत एकच एक हवा भरून ठेवणे हे पुरेसे नाही. एक टोक उबदार व उजेडाचे, दुसरे सावलीचे, आणि मध्ये एखादी दमट गुहा, अशी निवड त्याच्यापुढे ठेवली पाहिजे.

आर्द्रतेचे गणित थोडे फसवे आहे. ते समजल्यावाचून केवळ पिचकारीने पाणी उडवीत बसण्यात अर्थ नाही. हवा जितकी ऊन, तितके अधिक पाणी ती वाफेच्या रूपाने सामावून घेऊ शकते. २० अंश सेल्सियसला एक घनमीटर हवा सुमारे १७ ग्रॅम वाफ धरू शकते. ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम. आपण जो टक्का म्हणतो तो या पूर्ण मापाशी पडलेला हिस्सा होय. समजा, खोलीतील हवा २० अंशांची असून तिची आर्द्रता ८० टक्के आहे. तीच हवा पेटीत शिरून दिव्याखाली ३० अंशांपर्यंत तापली की, तिच्यातील पाणी थेंबभरही कमी न होता आर्द्रता ४५ टक्क्यांवर येते. ३५ अंशांना ती ३५ टक्के उरते. आणि पेटी वरून उघडी असेल, तर तापलेली हवा सारखी वर निघून जाते व तिच्या जागी खोलीतील हवा येते, म्हणजे ही पेटी हवा कोरडी करण्याचे यंत्रच बनते.

यावर पहिला उपाय म्हणजे पेटीला वरून झाकण घालणे. पूर्ण हवाबंद मात्र करू नये. बाजूला थोडी छिद्रे ठेवली म्हणजे पुरते. पेटी लाकडी असल्यास आतून पाणी न शोषणारा रंग द्यावा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात तळ कुजेल. दुसरा उपाय जमिनीचा. वाळू नको. ती पाणी धरून ठेवीत नाही, आणि अन्नाबरोबर पोटात गेली तर आतड्यात साचते. नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे आजकाल रोपवाटिकांतून विटेच्या आकारात मिळतो तो, या कामाला उत्तम. तो भिजवून, पिळून, सात-आठ सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा आणि वर थोडी वाळलेली पाने पसरावीत. कोकणपट्टीच्या वाचकांना हा माल शोधावयास लांब जावे लागणार नाही.

पाणी घालण्याची रीत महत्त्वाची आहे. पिचकारीने वरून फवारले की तासाभराने सारे उडून जाते, आणि आपल्याला मात्र कर्तव्य केल्याचे समाधान मिळते. त्यापेक्षा पेटीच्या चारही कोपऱ्यांत हळूहळू पाणी ओतावे, म्हणजे ते तळाशी झिरपते. खालचा थर ओला आणि वरचा कोरडा, अशी स्थिती साधली पाहिजे. खालून सावकाश वाफ येत राहते आणि पिल्लाचे पोट मात्र चिखलात राहत नाही. दर चार-पाच दिवसांनी थर हाताने खालीवर करावा. बुरशीचा वास येऊ लागला तर तो सबंध बदलावा; येथे काटकसर करू नये.

दमट गुहेसाठी परदेशातले लोक प्लॅस्टिकच्या डब्यात स्फॅग्नम जातीचे शेवाळ भरतात. आपल्याकडे फुटका माठ आहे. बिनचकाकीचा साधा माठ रात्रभर पाण्यात बुडवून आडवा अर्धा पुरला, त्याच्या फुटक्या कडा घासून बोथट केल्या आणि आत ओला भुसा घातला, की मातीतून सावकाश ओल सुटत राहते. एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. माठातले पाणी गार होते ते ज्या कारणाने, त्याच कारणाने हा माठही गार होतो. म्हणून तो पेटीच्या उबदार बाजूस ठेवावा.

कारण ओलावा आणि थंडी यांची जोडी कासवाला घातक आहे. ओलावा हवा हे कळल्यावर उत्साहाने पाणी ओतणारे आणि उबेचा विचार न करणारे पालक पिल्लाच्या नाकातून पाणी येऊ लागले म्हणजे घाबरतात. त्यानंतर फुप्फुसाचा दाह व्हावयास वेळ लागत नाही, आणि कासवाला खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. दमट पेटी ठेवावयाची तर सुल्काटाच्या पिल्लासाठी रात्रीदेखील तापमान २६-२७ अंशांखाली जाऊ देऊ नये. ग्वाल्हेर किंवा इंदूरच्या हिवाळ्यात हे आपोआप साधणार नाही. थर्मोस्टॅट लावलेली प्रकाशहीन उष्णता द्यावी लागेल. दिवसा उजेडाच्या टोकाला ३५ अंशांच्या आसपास ऊब असावी. पोटाखालची ढाल सारखी भिजून तिच्यावर चट्टे पडले, खवल्याखालून दुर्गंधी येऊ लागली, तर तो सडण्याचा आरंभ समजून प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जावे; घरगुती मलमांत दिवस घालवू नयेत.

पाठीची विकृती डोळ्यांना दिसते म्हणून तिची चर्चा होते. परंतु कोरडेपणाने आत जे होते ते अधिक जीवघेणे असते. कासव आपल्या शरीरातील नत्रयुक्त मळ बव्हंशी यूरिक आम्लाच्या रूपाने, पांढऱ्या गाळासारखा, बाहेर टाकते. त्याचे मूत्राशय ही पाण्याची साठवणही आहे. टंचाईच्या दिवसांत ते तेथूनच पाणी परत शोषून घेते. शरीर सतत तहानलेले राहिले, तर तो पांढरा गाळ घट्ट होत जाऊन त्याचा खडा बनतो, आणि मोठा झालेला खडा काढावयास शस्त्रक्रियाच करावी लागते. यास्तव पालकाने या पांढऱ्या द्रव्याकडे लक्ष ठेवावे. ते पातळ ताकासारखे असेल तर ठीक. ओल्या खडूसारखे घट्ट किंवा रवाळ असेल, तर पाणी कमी पडत आहे. डोळे खोल गेले असतील, तर पुष्कळच कमी पडले आहे.

म्हणून पिल्लाला पहिले वर्षभर दररोज अंघोळ घालावी. पसरट परातीत कोमट पाणी घ्यावे, ते त्याच्या हनुवटीला लागेल न लागेल इतकेच असावे, आणि त्यात त्याला वीसएक मिनिटे ठेवावे. ते पाणी पिते, पोट मोकळे करते. पाणी निवू लागले तर बदलावे. हे काम घरातील आठ-दहा वर्षांच्या मुलाकडे सोपवण्यास हरकत नाही. मात्र नंतर त्याने साबणाने हात धुतले पाहिजेत, कारण कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे पोट बिघडवणारे जंतू असू शकतात, आणि ती परात स्वयंपाकघरात परत जाता कामा नये.

आर्द्रता मोजावयाचे यंत्र घेतल्यावाचून हे सारे अंदाजपंचे होईल. साधे आर्द्रतामापक यंत्र स्वस्त मिळते, आणि स्वस्त असल्यामुळे पुष्कळदा खोटे बोलते. त्याची परीक्षा घरच्या घरी करता येते. बाटलीच्या झाकणात खाण्याचे मीठ घेऊन त्यावर थोडे थेंब पाणी घालावे. मीठ ओले व्हावे, विरघळून जाऊ नये. ते झाकण आणि यंत्र एका बंद पिशवीत दिवसभर ठेवावे. अशा मिठाच्या सान्निध्यात हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. यंत्र ६८ दाखवीत असेल, तर ते सात टक्के कमी दाखवते एवढे ध्यानात ठेवले की झाले. यंत्र पेटीच्या छताजवळ न लावता कासवाच्या पाठीच्या उंचीवर लावावे, आणि शक्य तर दोन लावावीत. सुल्काटाच्या पिल्लांना ८० टक्क्यांच्या आसपास हवा मानवते, असे अनुभवी पालक सांगतात.

एकच नियम सर्व गावांना लागू पडत नाही. हैदराबादेत एप्रिल-मेमध्ये दोरीवरचे धोतर तासाभरात कडकडीत वाळते. पणजीत जुलैमध्ये ते तीन दिवस वाळत नाही. पहिल्या ठिकाणी दिवसाआड पाणी घालावे लागेल, दुसऱ्या ठिकाणी कदाचित झाकण अर्धे उघडावे लागेल. जातीजातींतही भेद आहे. दक्षिण अमेरिकेतील लाल पायांचे कासव जंगलातले असून त्याला आयुष्यभर दमट हवा लागते; टिमथीच्या भूमध्यसागरी भावंडांना मोठेपणी इतक्या दमट हवेची गरज नसते.

कायद्याविषयी दोन शब्द येथेच सांगितले पाहिजेत. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले आपल्या देशातील स्टार कासव पाळणे, विकणे किंवा विकत घेणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. घरात कासव असले की लक्ष्मी नांदते, या समजुतीपायी ती पोत्यांत भरून चोरून नेली जातात. त्यांतील कित्येक वाटेतच मरतात. २०१९ साली आंतरराष्ट्रीय करारानेही त्यांच्या व्यापारावर कडक बंदी आली. सुल्काटा हे परदेशी असल्यामुळे त्याचा नियम निराळा आहे; २०२४ साली निघालेल्या नियमांप्रमाणे अशा प्राण्याची नोंद केंद्र सरकारच्या 'परिवेश' या व्यवस्थेत करावी लागते. ज्याला नोंदीचा कागद दाखवता येत नाही त्या विक्रेत्याच्या दारातून रिकाम्या हाताने परतणे बरे.

आणि प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल, तर कागद असला तरीही सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबाने हे कासव आणू नये. लिंबाएवढे पिल्लू पेटीत मावते. पन्नास किलोंचा प्राणी जमीन खणणारच, आणि तिसऱ्या मजल्यावर जमीन नसते. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील आश्रयगृहांत अशी टाकून दिलेली सुल्काटा कासवे मोठ्या संख्येने येऊन पडतात. आणि तिकडे साहेलमध्ये मात्र त्यांची संख्या घटत चालल्याने ही जात धोक्यात आलेल्यांत गणली जाते.

ज्यांच्या घरी खडबडीत पाठीचे कासव आधीच आहे, त्यांना एक विचारावेसे वाटते: ती पाठ पुन्हा सपाट होईल काय? उठलेले उंचवटे खाली बसत नाहीत. कानशीने घासून ते काढण्याचा अघोरी प्रयोग कोणीही करू नये, कारण आत जिवंत हाड आहे. परंतु प्राणी अद्याप वाढत असेल, तर हवा सुधारल्यानंतर येणाऱ्या नव्या वळ्या सपाट येऊ शकतात. प्रत्येक खवल्याच्या मधोमध जुना उंचवटा तसाच राहतो आणि त्याच्याभोवती गुळगुळीत, फिकट रंगाची नवी कड रुंद होत जाते. अशी कड दिसू लागावयास काही महिने लागतात. तोवर महिन्यातून एकदा, त्याच जागी आणि त्याच उजेडात, पाठीचे छायाचित्र घेऊन ठेवावे.